लसीकरणाच्या कार्डावर होलोग्राम कशाला हवा?

करोनाच्या काळात लस घेतल्याचा दाखला दाखवल्याशिवाय मॉलच्या दारातून आत जाता येत नव्हते, मुंबईत लोकलचा पास मिळत नव्हता आणि परदेशी निघालेल्यांची विमानतळावर अडवणूक होत होती. त्या दिवसांत सुरू झालेला एक वाद साथ ओसरल्यावरही मिटलेला नाही. लसीकरणाची कागदी नोंद कोणालाही घरच्या प्रिंटरवर तयार करता येते, म्हणून तिच्यावर होलोग्राम, जलचिन्ह, क्रमांकित कागद, क्यूआर कोड अशी सुरक्षाचिन्हे सक्तीची करावीत, असे एक पक्ष सांगतो. हा सगळा नागरिकांवर पाळत ठेवण्याचा खटाटोप आहे, असे दुसरा पक्ष सांगतो आणि तिथेच थांबतो. जगात सर्वाधिक लसमात्रा तयार करणारा कारखाना ज्या शहराच्या हडपसरात आहे आणि विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था ज्या शहरात १९५२ पासून काम करते, त्या पुण्यात तरी या वादाची पातळी याहून बरी असायला हवी होती. दोन्ही पक्ष भांडतात ते कागदाच्या खरेपणावर. त्या कागदावर लिहिलेली घटना खरोखर घडली का, ती कोणी आणि कशी पडताळायची, आणि पडताळणाऱ्याने कागद खोटा ठरवला तर त्याची किंमत कोण मोजणार, हे प्रश्न दोघांच्याही बोलण्यात क्वचितच येतात.

माझे मत आधीच मांडतो. बालकांच्या नेहमीच्या लसीकरणाचे कार्ड साधेच राहिले पाहिजे: कोणत्याही दवाखान्यात, कोणत्याही परिचारिकेला साध्या पेनाने लिहिता येईल आणि कोणत्याही आईला हातात धरून वाचता येईल, असे. सुरक्षेसाठी जो पैसा आणि जी मेहनत खर्च करायची ती कार्डामागच्या नोंदवहीवर, लशीच्या साठ्याच्या हिशेबावर आणि प्रत्यक्ष क्षेत्रात जाऊन केलेल्या फेरतपासणीवर खर्च व्हावी. जिथे एका देशाच्या अधिकाऱ्याला दुसऱ्या देशातल्या अनोळखी डॉक्टरच्या सहीवर विसंबून निर्णय घ्यावा लागतो, अशा मोजक्या प्रसंगांसाठी वेगळा, भक्कम दाखला असावा. पण त्या मोजक्या प्रसंगांचे नियम सगळ्या कार्डांवर लादू नयेत.

यासाठी मुळात हे कार्ड काय काम करते ते पाहावे लागेल. उपकेंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात मिळणारे माता व बाल संरक्षण कार्ड ज्यांनी हातात घेतले आहे, त्यांना त्याची अवस्था ठाऊक असते. घडीवर फाटत आलेले, रेशनकार्ड आणि आधारकार्डाबरोबर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले, एखाद्या कोपऱ्यावर तेलाचा डाग. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने अशा चौकटींत पेंटा, पोलिओ, रोटा या लशींसमोर बॉलपेनने घातलेल्या तारखा, आणि पुढच्या डोसाची तारीख बहुधा पेन्सिलीने लिहिलेली, कारण ती बदलण्याची शक्यता गृहीतच धरलेली असते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे कार्ड असेल तर त्यावर निरनिराळी अक्षरे दिसतात: जन्माच्या वेळची बीसीजी बीड जिल्ह्यातल्या एखाद्या उपकेंद्रात, पहिला पेंटा दौंड किंवा इंदापूर तालुक्यात कारखान्याच्या तळावर, पुढचा परत गावी. या कार्डाला एक स्थळप्रत असते. ती परिचारिका आपल्याकडे ठेवते आणि तिच्यावरून त्या महिन्यात कोणत्या बाळाचा डोस राहिला आहे, हे ठरवून आशाताईला त्या घरी पाठवते. म्हणजे या कागदाचा खरा वाचक दारावरचा पहारेकरी नाही. पुढचा डोस देणारी परिचारिका आहे. आधी काय दिले आणि आता काय द्यायचे, एवढेच तिला त्यातून हवे असते.

या साध्या कागदाचे मोल राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही दिसते. पाचव्या फेरीत (२०१९–२१) एक ते दोन वर्षांच्या बालकांपैकी ७६.४ टक्के पूर्ण लसीकरण झालेली आढळली. हा आकडा कार्ड किंवा कार्ड नसेल तर आईने सांगितलेली माहिती यांवरून काढलेला आहे. ज्यांची कार्डे प्रत्यक्ष पाहायला मिळाली, तेवढ्याच बालकांत हे प्रमाण ८३.८ टक्के निघाले. कार्ड जपून ठेवणारे कुटुंब इतर बाबतींतही अधिक जागरूक असू शकते, त्यामुळे सगळे श्रेय कागदाला देता येणार नाही. तरीही सर्वेक्षण करणाऱ्या यंत्रणेने आईच्या तोंडी माहितीला नोंदीत स्थान दिले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आई खोटे बोलत असेल, असे गृहीत धरून आरोग्याचे काम उभे राहू शकत नाही, हे त्या क्षेत्रातल्या लोकांना पक्के माहीत आहे.

आता विचारू या की बालकाच्या या कार्डात कोणी खोटी तारीख का घालेल आणि घातली तर काय होईल? वैद्यकाचा नियम असा आहे की नोंद नसेल किंवा नोंदीवर विश्वास ठेवता येत नसेल, तर डोस झालाच नाही असे समजून पुन्हा द्यावा. गोवरासारख्या लशीचा एखादा डोस जास्त झाल्याने निरोगी बालकाचे नुकसान होत नाही. डोस राहून गेल्याने होते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगाव या भागांत गोवराचा उद्रेक झाला तेव्हा केंद्राने बाधित भागांतल्या नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना आधीच्या डोसांव्यतिरिक्त एक डोस देण्याचा सल्ला दिला होता. त्या वस्त्यांत दारोदार फिरणाऱ्या परिचारिकांना कार्ड अस्सल आहे की नाही, हे तपासण्यात एक मिनिट घालवण्याचे कारण नव्हते. संशय आला तर त्यावर सुईचा उपाय हाताशी होता. जिथे चुकीची दुरुस्ती इतकी स्वस्त आणि निर्धोक आहे, तिथे चूक टाळण्यासाठी महागडा कागद छापण्याला कोणता आधार उरतो?

तथापि, सुरक्षाचिन्हांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे एवढ्यावर निकालात निघत नाही, आणि त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा टाळणे योग्य होणार नाही. लसीकरणाची नोंद कधीकधी परवान्याचेही काम करते, आणि तेव्हा खोट्या कागदाची झळ कागद बनवणाऱ्याला बसत नाही, तिसऱ्याला बसते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेत असलेल्या मुलाला गोवराची लस देता येत नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलांच्या लसीकरणावर त्याचा जीव अवलंबून असतो. पीतज्वराचे म्हणजे यलो फीव्हरचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास भारतात भरपूर आहे. पुण्याला तर त्याची ओळख करून देण्याची गरजच नाही. दरवर्षीचा डेंग्यू, चिकुनगुन्या आणि २०२४ च्या जूनमध्ये एरंडवण्यात आढळलेले झिकाचे रुग्ण ही त्याचीच करणी. पीतज्वराचा विषाणू घेऊन एखादा प्रवासी इथे उतरला तर काय होईल, या विचारानेच आपल्या देशाचा नियम कडक आहे: रोग असलेल्या देशांतून येणाऱ्याकडे वैध दाखला नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. तो दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी मान्य आहे, आणि त्यावर डॉक्टरची हाताने केलेली सही लागते. नुसता शिक्का चालत नाही. ही लस ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. इथे सुरक्षाचिन्हांना माझा विरोध नाही. केंद्रे मोजकी, दाखले घेणारे मोजके, तपासणारा विमानतळावरचा प्रशिक्षित आरोग्य अधिकारी, आणि चुकीचा परिणाम सगळ्या देशावर होणारा. या चारही गोष्टी एकत्र येतात तिथे भक्कम दाखला जरूर असावा. माझे भांडण आहे ते या चारपैकी एकही गोष्ट जिथे नाही, तिथे तोच न्याय लावण्याशी.

आणि जिथे सुरक्षाचिन्हे असावीत असे मी मान्य करतो, तिथेही ती काय करू शकतात याबद्दलच्या अपेक्षा फार वाढवून ठेवू नयेत. याचा धडा शिकायला पुणेकरांना दूर जावे लागत नाही. मुद्रांक म्हणजे स्टॅम्प पेपर हा कागद सरकारी छपाईतला, नाशिक रोडच्या मुद्रणालयात कडेकोट बंदोबस्तात छापला जाणारा, जलचिन्ह आणि क्रमांक असलेला. २००२ मध्ये बंडगार्डन पोलिसांत दाखल झालेल्या गुन्ह्यातून ज्याचा पसारा उघड झाला त्या तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात नेमके काय झाले? कोणी कुशल चित्रकाराने जलचिन्हाची नक्कल केली नव्हती. मुद्रणालयातून भंगार म्हणून निकाली काढलेली यंत्रेच टोळीच्या हाती लागली आणि आतल्या माणसांच्या मदतीने छापलेला कागद खऱ्यासारखा दिसला. पुण्याच्या विशेष न्यायालयात त्या खटल्यात शिक्षा झाल्या, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्यवस्थेने त्यातून घेतलेला बोध. कागद आणखी गुंतागुंतीचा करण्यापेक्षा मुद्रांक शुल्काची नोंद संगणकावर करून प्रत्येक मुद्रांकाचा क्रमांक मूळ नोंदीशी ताडून पाहता येईल, अशी पद्धत पुढे रूढ झाली.

बनावट कागद आणि खोटी नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याहूनही नीट दाखवणारे उदाहरण पुण्यातच घडले. शिक्षक पात्रता परीक्षेचा घोटाळा पुणे सायबर पोलिसांनी २०२१ च्या डिसेंबरमध्ये उघड केला आणि पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. त्यांतल्या कित्येकांना मिळालेला निकाल परिषदेच्याच यंत्रणेतून आला होता. फसवणूक झाली होती ती कागद छापण्याच्या आधी, गुणांच्या नोंदीत. अशा प्रमाणपत्रावर सोन्याचा होलोग्राम लावला असता तरी त्याने खोट्यालाच प्रतिष्ठा दिली असती.

लसीकरणातही हेच झाले आहे. २०२१ च्या मे महिन्यात कांदिवलीच्या एका गृहसंकुलात बनावट लसीकरण शिबिर झाले. तिथल्या सुमारे ३९० रहिवाशांनी पैसे मोजून दंड पुढे केला आणि त्यानंतर काहींना जी प्रमाणपत्रे मिळाली ती कोविन संकेतस्थळावरून निघालेली होती, फक्त वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांनी. म्हणजे क्यूआर कोड अस्सल, सरकारी स्वाक्षरी अस्सल आणि दंडात गेलेले द्रव्य मात्र लस नव्हे. युरोपीय संघाचे डिजिटल प्रमाणपत्र तांत्रिकदृष्ट्या जगातल्या उत्तम व्यवस्थांपैकी एक मानले जात होते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडॉल्फ हिटलर या नावाचा क्यूआर कोड फिरू लागला आणि तपासणीच्या अधिकृत अ‍ॅपने तो वैध ठरवला. प्रमाणपत्रांवर डिजिटल मोहर उमटवणारी गुप्त किल्ली कोणी फोडली नव्हती. ती वापरण्याचा अधिकार असलेल्या एखाद्या दारातून कोणीतरी आत शिरले होते. अमेरिकेत करोना लसीचे कार्ड अगदी साधे, पांढऱ्या पुठ्ठ्याचे होते आणि त्याच्या नकला विकल्या गेल्या हे खरे. पण शिकागोत एका औषधनिर्मात्यावर जो खटला झाला तो नकली कार्डे विकल्याचा नव्हता. शंभराहून अधिक अस्सल कोरी कार्डे त्याने इंटरनेटवर विकल्याचा तो आरोप होता. त्या कार्डांवर कोणतेही सुरक्षाचिन्ह असते तरी ते ग्राहकाच्या घरी विनातक्रार पोचले असते.

यावर जाणकार मंडळी म्हणतील की होलोग्रामचे सोडा, आम्ही बोलतो आहोत ते डिजिटल स्वाक्षरीबद्दल. हा मुद्दा दमदार आहे आणि तो मी बराचसा मान्यही करतो. देणाऱ्या संस्थेने आपल्या गुप्त किल्लीने नोंदीवर उमटवलेली मोहर साध्या कागदावर क्यूआर कोडाच्या रूपात छापता येते. विशेष कागद लागत नाही, झेरॉक्स काढली तरी ती टिकते, आणि तपासणाऱ्याला इंटरनेट नसतानाही मजकुरात फेरफार झाला आहे की नाही हे कळते. कोविनच्या प्रमाणपत्रांत हेच तंत्र होते आणि बालकांच्या लसीकरणासाठी आलेल्या यू-विन या व्यवस्थेतूनही असे प्रमाणपत्र मिळते. ज्याला परदेशी विद्यापीठात किंवा नोकरीसाठी दाखला लागतो, त्याला तो या मार्गाने मिळावा, यात वाईट काय? काहीच नाही. कोलकात्यात २०२१ च्या जूनमध्ये बनावट शिबिर उघडकीस आले ते तिथे लस घेतलेल्या एका महिला खासदाराला नोंदणीचा संदेश न आल्यामुळे, हेही या बाजूच्या जमेला धरायला हवे. मात्र त्या प्रसंगात उपयोगी काय पडले ते पाहा. दारावर कोणी कोड तपासून चोर पकडला नाही. लस घेणाऱ्याला आपली नोंद झाली की नाही हे स्वतःला पाहता आले आणि ती नसल्याचे दिसताच तिने तक्रार केली. नोंद तिच्या मालकाला खुली असणे ही सुरक्षा आहे, आणि ती आईच्या हातातल्या साध्या कार्डातही आहे. डिजिटल स्वाक्षरी सांगते ती नोंद कोणी केली एवढेच. सुई टोचली गेली का, कुपीत लस होती का, ती शीतसाखळीत म्हणजे सतत ठरावीक थंडीत टिकली होती का, यांतले काहीही ती सांगू शकत नाही. शिवाय सगळ्या नोंदी एका जागी गोळा झाल्या की त्यांचे काय होऊ शकते, हे २०२३ च्या जूनमध्ये दिसले. टेलिग्रामवरच्या एका बॉटला मोबाइल क्रमांक दिला की कोविनवर नोंदलेली नावे आणि ओळखपत्रांचे क्रमांक तो सांगत होता.

आता तपासणाऱ्याकडे वळू. नोटेवरची सुरक्षाचिन्हे उपयोगी पडतात, कारण आपण सगळे रोज नोटा हाताळतो आणि भाजीवाल्या मावशींच्या बोटांनाही खोटी नोट कळते. लसीकरणाचा दाखला माणूस आयुष्यात किती वेळा दाखवतो आणि तो तपासणाऱ्याने अस्सल दाखला किती वेळा निरखलेला असतो? शाळेच्या कार्यालयातल्या लिपिकाला, सोसायटीच्या गेटवरच्या रखवालदाराला, कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसलेल्या माणसाला आपण हे काम देतो, पण त्याचे शिक्षण देत नाही. मग तो काय करतो? कागद चकचकीत आहे का, छापील आहे का, माणूस आपल्यातला वाटतो का, यावर निर्णय करतो. सुरक्षाचिन्ह सक्तीचे झाले की ज्याच्या कागदावर ते नाही तो संशयित ठरतो, आणि तो कोण असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही: वीटभट्टीवरचे बाळ, वाघोली-हिंजवडीच्या बांधकामांवर राहणाऱ्या कुटुंबाचे बाळ, बिहारमधून किंवा मराठवाड्यातून आलेले, ज्याचे जुने कार्ड गावच्या घरात राहिले आहे ते. फसवायचेच आहे त्याच्याकडे पैसा असतो, प्रिंटर असतो, आत ओळखी असतात. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्या प्रामाणिक माणसावर या व्यवस्थेचा भार पडतो.

हे मोठ्या पातळीवरही घडले आहे. २०१२ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेने पीतज्वराचे दाखले खरे वाटत नाहीत म्हणून १२५ नायजेरियन प्रवाशांना परत पाठवले. नायजेरियाने उत्तरादाखल दक्षिण आफ्रिकेच्या प्रवाशांना परत धाडले आणि अखेर दक्षिण आफ्रिकेला माफी मागावी लागली. नायजेरियात असे खोटे दाखले विकले जात होते हे खरे, आणि पुढे त्या देशाने क्यूआर कोड असलेले नवे कार्ड आणले, हेही खरे. सुरक्षाचिन्हांचे समर्थक हे उदाहरण आपल्या बाजूने देतील, आणि पीतज्वराच्या बाबतीत ते रास्तच आहे. पण त्या दिवशी विमानतळावरून परत गेलेल्यांत लस घेतलेले कितीजण असतील? एका देशाच्या पासपोर्टवर आलेला संशय त्या देशाच्या प्रत्येक कागदावर पडतो. दोन सरकारे एकमेकांशी भांडू शकली म्हणून ते प्रकरण मिटले. बीडच्या उपकेंद्राने दिलेले कार्ड पुण्यातल्या लिपिकाने नाकारले, तर त्या आईच्या वतीने कोण भांडणार?

आरोग्याच्या कामाला चौकीदारीचे रूप आले की लोक काय करतात, याचा अनुभव या शहराने १८९७ मध्ये घेतला आहे. प्लेगच्या वेळी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथीचे रोग प्रतिबंधक कायदा आला, रँडच्या समितीने सैनिकांकरवी घराघरांची झडती सुरू केली, आणि लोकांनी रुग्ण लपवले, मृत्यू लपवले, गाव सोडले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. त्याच साथीत त्याच शहराच्या वेशीवर, हडपसरच्या बाजूला, डॉ. यशवंतराव फुले यांनी उघडलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रुग्णांना स्वतः नेत होत्या. १० मार्च रोजी प्लेगनेच त्यांचे निधन झाले. त्या दवाखान्यात लोक आपणहून येत होते. या दोन वागणुकींमधला फरक औषधाचा नव्हता, कारण प्लेगवर तेव्हा दोघांकडेही खरे औषध नव्हते. समोरच्या माणसाला आपण आजारी समजतो की आरोपी, हा तो फरक होता. दुसरीकडे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी देवीच्या साथीत कागदी दाखल्यांवरचा विश्वास उडाला, तेव्हा अधिकारी दंडावरचा व्रणच दाखवा म्हणू लागले. व्रणापेक्षा भक्कम सुरक्षाचिन्ह कोणते असणार? तरीही काहींनी तेजाबाने त्वचा जाळून खोटे व्रण करून घेतले. सक्ती जेवढी कडक, तेवढी नक्कल करणाऱ्याची जिद्द वाढते.

मग नोंद खरी राहावी यासाठी करायचे काय? याचे उत्तर आपल्या देशाने पोलिओच्या बाबतीत देऊन ठेवले आहे आणि त्याकडे आपण नीट पाहिलेले नाही. पोलिओ रविवारी डोस दिलेल्या बाळाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण करतात. नंतरच्या दिवसांत पथके घरोघर फिरतात आणि दारावर खडूने लिहितात: सगळी बाळे झाली असतील तर पी, एखादे राहिले असेल किंवा घर बंद असेल तर एक्स. ही दोन्ही चिन्हे नक्कल करायला जगातली सर्वांत सोपी. शाईची बाटली मिळवून किंवा खडूचा तुकडा घेऊन कोणीही ती उमटवू शकते, आणि पाकिस्तानात पालक व लस देणारे यांच्या संगनमताने डोस न देताच करंगळी रंगवल्याचे प्रकार ही तिथली मोठी डोकेदुखी ठरली. भारतात पथके एक्सच्या घरी पुन्हा जात होती. ज्यांचा त्या पथकाशी संबंध नाही असे निरीक्षक पी लिहिलेल्या काही घरांतही शिरून बाळाची करंगळी पाहत होते, बाजारात आणि स्टेशनांवर भेटलेल्या मुलांची बोटे तपासत होते. आणि या सगळ्याच्या मागे, अचानक हातपाय लुळे पडलेल्या प्रत्येक बालकाची विष्ठा प्रयोगशाळेत तपासली जात होती. नोंद खोटी असती तर विषाणूने ती उघडी पाडली असती. हावडा जिल्ह्यातला १३ जानेवारी २०११ चा रुग्ण भारतातला शेवटचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्त प्रमाणपत्र मिळाले. खडूच्या जागी न पुसणारा रंग आणा, अशी मागणी कोणी केली नाही, कारण खडूची खूण हा पुरावा नव्हता. ती फेरतपासणी करणाऱ्याला दाखवलेली जागा होती.

म्हणून कार्डावर काय हवे याबद्दल माझा आग्रह अगदी साधा आहे. प्रत्येक डोसापुढे तारखेबरोबर लशीचा बॅच क्रमांक लिहावा. खासगी बालरोगतज्ज्ञ कुपीवरचे चिकटपत्र काढून फाइलमध्ये लावतात, ती पद्धत सरकारी कार्डातही आणता येईल. बॅच क्रमांकाचा पहिला उपयोग वैद्यकीय आहे, कारण एखाद्या बॅचमुळे त्रास झाला तर ती कोणाकोणाला दिली हे कळावे लागते. पण त्याचा दुसरा उपयोग कोणत्याही होलोग्रामपेक्षा मोठा आहे. कोणत्या केंद्राला कोणत्या बॅचच्या किती कुप्या गेल्या, याची नोंद आता ईविन या व्यवस्थेत होते. जिथे कुप्या दहा आणि डोस पाचशे दिसतात, तिथे जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याने जाऊन पाहावे. तपासणीचा हा मार्ग संशय आईवर ठेवत नाही, केंद्रावर ठेवतो, आणि गडबड बहुधा तिथेच असते. स्थळप्रत जपावी आणि तिच्यावरचा क्रमांक कार्डावर ठळक छापावा, म्हणजे कार्ड हरवले तरी मूळ केंद्राकडे फोन करून विचारता येईल. ज्याला हवे त्याने यू-विनचे डिजिटल प्रमाणपत्र घ्यावे. ज्याच्याकडे ते नाही त्याला त्यावाचून कुठेही अडवू नये.

शेवटचा भाग नियमाचा आहे, कारण कागद खोटा करण्याची गरज कागद मागणाऱ्यांमुळेच निर्माण होते. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लस घेण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे सांगताना लस न घेतलेल्यांवर लादलेली बंधने त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणाबाहेरची असल्याचेही म्हटले होते. बालकांच्या शाळाप्रवेशासाठी लसीकरणाचा दाखला अनिवार्य करणारा देशव्यापी कायदा आपल्याकडे नाही, तरी कित्येक शाळा प्रवेशअर्जाबरोबर कार्डाची झेरॉक्स मागतात आणि ती नसली की पालकांना हेलपाटे घालायला लावतात. शिक्षण हक्क कायद्याच्या चौदाव्या कलमात वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या शिक्षण व आरोग्य विभागांनी मिळून हाच न्याय लसीकरणाच्या कार्डालाही लावावा. शाळेने कार्ड जरूर मागावे. ते नसेल, फाटलेले असेल, किंवा तारखा लागत नसतील, तर मुलाचा प्रवेश आधी करावा आणि नावांची यादी जवळच्या दवाखान्याकडे पाठवावी. दवाखान्याच्या परिचारिकेने शाळेत येऊन, पालकांशी बोलून, पाच वर्षांचा बूस्टर आणि राहिलेले डोस तिथेच द्यावेत आणि त्याच दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात नवे कार्ड द्यावे, साध्या पुठ्ठ्याचे, तारीख आणि बॅच क्रमांक पेनाने लिहिलेले.